ती पाण्यात गेली कशी?

अकस्मात मृत्यूच्या नोंदीत ‘पाण्यात बुडून’ हे दोन शब्द पडले की प्रकरण संपल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी कारण सांगितलेले असते, पंचनामा झालेला असतो, नातेवाइकांनी सही केलेली असते. पण हे उत्तर एकाच प्रश्नाचे आहे: श्वास कशाने थांबला? माणूस पाण्यात गेला कसा, हे त्यात कोणी विचारलेलेच नसते. पाय घसरला, उडी मारली, कोणी ढकलले, की शुद्ध हरपलेल्या अवस्थेत कोणी लाटांच्या तोंडाशी टाकून गेले, या चारही शक्यतांत फुफ्फुसे सारखीच दिसू शकतात. समुद्रातल्या संशयास्पद मृत्यूवर रचलेल्या रहस्यकथांचे सगळे बळ या न विचारलेल्या प्रश्नात असते. रूथ वेअर यांची ‘द वुमन इन केबिन १०’ ही २०१६ ची कादंबरी जगभर वाचली गेली, २०२५ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. तिची नायिका पर्यटनावर लिहिणारी पत्रकार आहे. जहाजावर रात्री शेजारच्या केबिनच्या बाजूने काहीतरी जड पाण्यात पडल्याचा आवाज तिला येतो आणि सकाळी सगळे तिला सांगतात, त्या केबिनमध्ये कोणी नव्हतेच. अशा नायिकेला आपण कणखर म्हणतो, ते ती कोणाला लोळवते म्हणून नव्हे. सोयीचे उत्तर समोर ठेवलेले असताना ती ते घेत नाही, एवढाच तिचा कणखरपणा आणि तोच सर्वांत अवघड. मराठी रहस्यकथेला अशी नायिका हवी असेल, तर ती परदेशी जहाजावरून उसनी आणावी लागणार नाही.

गोव्याचे उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी हणजुणे किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. अपघाताने बुडाली, असे सुरुवातीला मानले गेले. किनारा पर्यटकांचा, वेळ रात्रीची, मुलगी परकी. बुडण्याची गोष्ट सहज पटण्यासारखी होती. तिच्या आईला ती पटली नाही. ती पोलीस नव्हती, वकील नव्हती, इथली भाषाही तिला येत नव्हती. तिने मुलीच्या अंगावरच्या खुणांकडे बोट दाखवले आणि पुन्हा शवविच्छेदन करण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या तपासणीत शरीरावर पन्नासहून अधिक जखमा आणि खरचटल्याच्या खुणा नोंदल्या गेल्या. प्रकरण अपघाताच्या रकान्यातून बाहेर आले, पुढे सीबीआयकडे गेले. मुलीला मादक पदार्थ देऊन, तिच्यावर अत्याचार करून तिला किनाऱ्यावर मरायला सोडून दिले, असा आरोपाचा गाभा होता. म्हणजे खटला फुफ्फुसांतल्या पाण्यावर उभा नव्हता, ती त्या पाण्यापर्यंत कोणामुळे पोचली यावर उभा होता. २०१६ मध्ये पणजीच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दोघांपैकी एकाला दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. किनाऱ्यावरच्या त्या सकाळपासून अकरा वर्षांहून अधिक काळ गेला होता. एवढ्या वर्षांत त्या बाईने कितीदा ‘आता पुरे’ ऐकले असेल, याची कल्पना करता येते. कादंबरीकाराने अशी नायिका लिहिली असती तर अतिशयोक्ती वाटली असती.

समुद्र तपासाला इतका नाठाळ का, हे समजले म्हणजे या चिकाटीची किंमत कळते. घरात खून झाला तर खोली जागच्या जागी असते. समुद्रात घटनास्थळ दिवसातून दोनदा धुतले जाते. देह आधी बुडतो, आत वायू धरले की वर येतो आणि आपल्याकडच्या कोमट पाण्यात हे लवकर घडते. तोवर प्रवाहाने त्याला मूळ जागेपासून लांब नेलेले असते. तरंगताना तोंड खाली आणि हातपाय लोंबते असल्याने चेहऱ्याकडे रक्त साकळते, आणि ते मारहाणीसारखे दिसू शकते. खडकांवर आपटून झालेल्या जखमा हल्ल्यासारख्या दिसतात, तर खऱ्या हल्ल्याच्या जखमा मासे आणि खेकडे पुसून टाकतात. म्हणजे समुद्र पुरावा नष्ट करतो तसा खोटा पुरावा तयारही करतो. पण त्याच्या वागण्याला नियम आहेत, आणि ते कोकणात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, मध्ये भांग. एखादा संशयित सांगत असेल की अष्टमीच्या रात्री बाराला ती बाई खडकावरून भरतीच्या पाण्यात पडली, तर कोळीवाड्यातली कोणतीही म्हातारी सांगेल की त्या वेळी तिथे ओहोटी होती. हिशेब मिनिटाला जुळणारा नाही, जागेप्रमाणे फरक पडतो. पण खोटे पकडायला तासांचा फरक पुरतो. प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या वस्तूचा किंवा माणसाचा माग काढण्यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने ‘सरत’ नावाची संगणकीय प्रणाली केली आहे. ती शोधमोहिमेसाठी आहे. तोच विचार उलटा चालवला की देह सापडला तिथून तो कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो.

या कामासाठी नायिका पुण्यात राहिली तरी चालेल, हे वाचून आश्चर्य वाटेल. समुद्रापासून घाटाने तोडलेल्या या शहरात समुद्राचे ज्ञान बरेच आहे. खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांच्या प्रतिकृती करून लाटा आणि भरती-ओहोटी अभ्यासतात. आघारकर संशोधन संस्थेत डायटमचा अभ्यास चालतो. डायटम म्हणजे पाण्यात राहणारी, डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळे. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे, आणि डबीला झाकण बसावे तसे दोन भागांचे असते. मराठीत त्यांना करंडक म्हणतात ते त्यामुळेच. जिवंत माणूस बुडताना पाणी आत ओढतो, फुफ्फुसांतले सूक्ष्म पडदे फाटतात आणि हृदय चालू असेपर्यंत हे कण रक्ताबरोबर मांडीच्या हाडातल्या मज्जेपर्यंत जातात. मेल्यानंतर पाण्यात टाकलेल्या देहाचे हृदय बंद असल्याने ते तिथवर पोचत नाहीत. हाडाचा मगज आम्लात विरघळवला तरी काचेचे कवच उरते. खाऱ्या आणि गोड्या पाण्यातल्या डायटमच्या जातीही वेगळ्या असतात. समजा, अलिबागच्या किनाऱ्याला लागलेल्या देहाच्या मज्जेत गोड्या पाण्यातल्या, पुण्याच्या नदीत आढळणाऱ्या जाती निघाल्या. आपली मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. पुण्यात बुडालेला माणूस वाहत वाहत अलिबागला पोचूच शकत नाही. त्याला कोणीतरी गाडीत घालून घाट उतरवलेला असतो. भूगोलाच्या शालेय पुस्तकात कथानकाची अशी कलाटणी आयती पडून आहे, आणि मराठीत ती कोणी लिहावी अशी फार इच्छा आहे.

यावर न्यायवैद्यकातले जाणकार आक्षेप घेतील, आणि तो योग्य आहे. डायटमची चाचणी वादग्रस्त आहे. न बुडालेल्या माणसांच्या अवयवांतही डायटम सापडले आहेत, कारण ते अन्नातून, पिण्याच्या पाण्यातून, श्वासातून येऊ शकतात. प्रयोगशाळेतल्या भांड्यांतूनही नमुना बिघडतो. उलट, खरोखर बुडालेल्याच्या मज्जेत ते न सापडणे हेही घडते. म्हणून त्या चाचणीने एकटीने कोणाला दोषी ठरवू नये. पण या आक्षेपाने माझा मुद्दा ढळत नाही, उलट घट्ट होतो. बुडण्याचे शास्त्र निर्विवाद असते तर नायिकेची गरजच नव्हती, अहवालानेच काम भागले असते. डायटमला एक साक्षीदार मानावे, त्याची साक्ष घड्याळाशी, भरतीशी, फोनच्या नोंदींशी ताडून पाहावी. पुण्याने हे एकदा पाहिले आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या शेवटच्या खुनानंतर, मार्च १९७७ मध्ये, मृतदेह लोखंडी शिडीला बांधून बंडगार्डनजवळ नदीत टाकला होता. तो वर आला. नदीने बाकी काय पुसले असेल ते असो, नायलॉनच्या दोरीची गाठ तशीच राहिली, आणि ती आधीच्या खुनांतल्या गाठींशी जुळली. एका महाविद्यालयीन टोळक्याने शहराला काही महिने भीतीने कोंडून ठेवले होते. त्यांचा माग लागण्यात त्या गाठींचा वाटा मोठा होता. गाठ ही हाताची सवय असते, आणि ती पाण्याने सुटत नाही.

आता मराठी रहस्यकथेकडे वळू. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांनी एका पिढीला वाचायची सवय लावली. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन उभे केले. या लेखकांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांना कमी लेखणारे समीक्षक मला कधीच पटले नाहीत. पण ही ठळक नावे पुरुषांची आहेत, आणि त्यांचे बळ बहुधा धाडसात, वेशांतरात, वेगात आहे. स्त्रीला नायकाच्या जागी बसवायचे म्हणून तिच्या हाती पिस्तूल दिले की वाचकाला ती खोटी वाटते आणि मग ‘आपल्याकडे अशा बायका कुठे असतात’ हा आक्षेप येतो. आक्षेपाचे उत्तर वास्तवातच आहे. मुंबईत खासगी गुप्तहेर म्हणून काम करणाऱ्या रजनी पंडित एका खुनाच्या छड्यासाठी संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्याचे प्रसिद्ध आहे. नागपूरच्या रुक्मिणी कृष्णमूर्ती १९७४ मध्ये मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि पुढे राज्याच्या प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. सहा महिने भांडी घासत कान उघडे ठेवणे आणि आयुष्यभर स्फोटांच्या, विषांच्या, जळितांच्या अवशेषांवर वाकून बसणे, यापेक्षा कणखर काय असते?

तरीही कोणी म्हणेल, भांडी, हाडे आणि तिथी यांवर थरार कसा टिकणार? वाचकाला पाठलाग हवा असतो. मान्य, पण समुद्रावर पाठलागाचे रूपच वेगळे असते. तिथे वेळ संपत जाते ती अधिकार कोणाचा या वादात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत आपली हद्द, चोवीसपर्यंत मर्यादित अधिकार, दोनशेपर्यंत फक्त संपत्तीवरचे हक्क. त्यापलीकडे जहाजावर झेंडा ज्या देशाचा, कायदा त्याचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ सुमारे साडेवीस मैलांवर एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मेले. गोळ्या कोणी झाडल्या याबद्दल गूढ फारसे नव्हते. तरी खटला कोणी चालवायचा हा वाद केरळ, दिल्ली, रोम करत हेगच्या लवादापर्यंत गेला आणि निकाल २०२० मध्ये लागला, तोही खटला इटलीने चालवावा असा. जहाज पुढच्या बंदराला लागले की खलाशी उतरतात, केबिन धुतली जाते, कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाते. बंदर यायला दहा तास आहेत आणि बाईकडे अधिकाराचा कागद नाही, या स्थितीत जो ताण आहे तो गाड्यांच्या पाठलागात नसतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र माणुसकीचा आहे. बहुतेक बुडणे हे अपघातच असतात. प्रत्येक मृत्यूमागे कट शोधणारी नायिका दुःखी घरांना आणखी छळणार नाही का? छळेल, जर ती फक्त खुनी शोधत असेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यावरचे आणि ‘वरप्रदा’ या टगबोटीवरचे मिळून ८६ जण गेले. काही मृतदेह रायगडच्या, काही थेट वलसाडच्या किनाऱ्याला लागले आणि ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तिथे खुनी कोणी नव्हता. कारण सर्वांसमोर होते: वादळ. पण हवामान खात्याचा इशारा आधीच आलेला असताना तराफा समुद्रातच का थांबला, तो निर्णय कोणाचा, हा प्रश्न मेलेल्यांच्या घरच्यांनी विचारला, आणि मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. माणसे पाण्यात गेली कशी, याचे उत्तर जमिनीवरच्या कार्यालयांत शोधावे लागले.

आणि ज्याचा देहच मिळत नाही, त्याच्या घरी तर संशय नसणे हीच शिक्षा असते. बोटीवरून बेपत्ता झालेल्या खलाशाला कायदा सहसा सात वर्षे त्याच्याविषयी काही ऐकू आले नाही तरच मृत धरतो; त्याआधी मृत्यू सिद्ध करायचा तर पुरावा घरच्यांनी आणायचा. वसईपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरची एखादी कोळीण अशी वाट पाहत बसायचे नाकारते, इथे मराठी कादंबरी सुरू होऊ शकते. ती धक्क्यावर जाते. बोट निघाली त्या दिवशी किती बर्फ भरला, किती डिझेल घेतले, खलाशांच्या यादीत नावे किती होती आणि किराणा किती माणसांचा नेला, हे विचारत फिरते. तांडेल सांगतो, दोन दिवसांसाठी गेलो होतो. बर्फवाल्याच्या वहीत आठ दिवसांचा बर्फ लिहिलेला आहे.