पार्लर ते एस्थेटिशियन: गोंदियात राहून स्किनकेअरचं करिअर कसं करायचं?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देते आहे.

मेसेजमध्ये सारखा येणारा प्रश्न असा: "ताई, माझी बारावी झाली, आमगावला राहते. स्किनचं काम शिकायचंय. सुरुवात कुठून करू?" कोर्स, भांडवल सगळं सांगते. पण आधी एका डबीबद्दल बोलू.

बिनानावाची डबी

तुम्ही पाहिली असेल. पांढरी डबी, वर ना कंपनीचं नाव ना तारीख. "आठ दिवसांत ग्लो." नवीन पार्लर टाकलं की कुणीतरी ती विकायला येतंच, कारण नफा तिच्यात जास्त.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम एका तरुणीने वापरली, तिच्या आईने आणि बहिणीनेही. तिघींच्या किडन्यांवर परिणाम झाला. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये क्रीम तपासली, तर तिच्यात परवानगीपेक्षा कितीतरी जास्त पारा. मर्यादा आहे दहा लाख भागांत 1 भाग. पारा रंगद्रव्य तयार होणं अडवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. पहिले पंधरा दिवस पुरळ बसतं, चेहरा चमकतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, उन्हात आग होते. क्रीम बंद केली की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून बाई परत तीच क्रीम मागते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती मिळतातच.

मग आपलं काम काय?

त्वचा ओळखणं, स्वच्छ करणं, फेशिअल, हलकं एक्सफोलिएशन, ब्लॅकहेड्स काढणं आणि घरी काय लावायचं ते समजावणं. बोटॉक्स, फिलर, कुठलंही इंजेक्शन, खोल पील आपलं नाही. ते डॉक्टरचं. गजकर्ण, पिकलेले मुरूम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ दिसला की हात लावायचा नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, लग्नाला आठ दिवस. "ताई, गोरं करून द्या." चेहरा आधीच लालबुंद, कुठलीतरी क्रीम सुरू होती. मी पैसे घेतले नाही, डॉक्टरकडे जायला सांगितलं. आई रागावून गेली. ते गिऱ्हाईक गेलंच. पण तीन महिन्यांनी तीच मुलगी आपल्या वहिनीला घेऊन आली. गोंदिया काही फार मोठं शहर नाही, चांगलं-वाईट दोन्ही लवकर पसरतं.

कोर्स

आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे. एक वर्षाचा, दहावी पासवर. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आपल्या जवळ कुठल्या आयटीआयमध्ये जागा आहेत ते राज्याच्या आयटीआय प्रवेश पोर्टलवर बघा. खासगी अकॅडमीची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र कुणाचं? खऱ्या चेहऱ्यावर हात किती तास चालवायला देणार? आणि सॅनिटायझेशन शिकवणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो हसतो, तिथून उठा.

सुरुवात

घरातली एक खोली पुरते. मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी फुकट आहे. आधी मशीन घेऊ नका. चांगला बेड, भिंगाचा दिवा, ग्लोव्हज, अवजारं निर्जंतुक करायची सोय आणि एक वही, एवढं घ्या.

वही सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येकीचं पान करा: ॲलर्जी, औषधं, गरोदर आहे का, घरी काय लावते. नवीन प्रॉडक्ट आधी कानामागे थोडंसं लावा आणि 24 ते 48 तास थांबा.

भाव शेजारच्या पार्लरकडे बघून ठरवू नका. सामान, भाडं, लाईट आणि आपला वेळ जोडा. समजा 500 च्या फेशिअलला 200 चं सामान आणि दीड तास लागला, तर त्या 300 मधून भाडं-लाईटही जायचंय. आणि आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी, लग्नसराईत गर्दी. गर्दीतले पैसे त्या दिवसांसाठी बाजूला ठेवा.

एक सल्ला तर फुकटच देता येतो: सनस्क्रीन. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात एसपीएफ 30 च्या खाली जाऊ नका. बांधावर काम करणारीला दुपट्टा आणि टोपीही सांगा.

आजचा गृहपाठ

घरातल्या सगळ्या क्रीमच्या डब्या उलट्या करा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, वापरायची शेवटची तारीख दिसते का? नसेल तर आज रात्रीपासून ती लावू नका. बरेच दिवस वापरत असाल, तर डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

पुढच्या भागात बोलू वहीतल्या पानाबद्दल: पहिल्या भेटीत काय विचारायचं. तोवर काळजी घ्या!