वंशवृक्षातल्या रिकाम्या चौकटी

मंडळी, ज्यांची मुले इथल्या शाळेत जातात त्यांना ‘फॅमिली ट्री’ प्रोजेक्टचा प्रसाद एकदा तरी मिळतोच. आमच्या घरी तो आला तेव्हा मी निर्धास्त होतो. काकांनी हाताने लिहिलेली सात पिढ्यांची वंशावळ माझ्याकडे होती. ती मुलीसमोर ऐटीत पसरली. तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, “बाबा, ह्यात एकही बाई कशी नाही?”

खरेच नव्हती. गणेशचा मुलगा विठ्ठल, विठ्ठलचा मुलगा रामचंद्र... जणू बाप्यांनीच बाप्यांना जन्म दिला! मी संगणकापुढे बसलो. नंतरच्या चार महिन्यांत जे जे उपयोगी पडले, ते इथे सांगतो.

जमिनीचे कागद. महाराष्ट्र शासनाच्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर आजचा सातबारा घरबसल्या पाहता येतो. पण वंशावळीसाठी खरा खजिना म्हणजे जुने फेरफार. खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात होते. स्कॅन झालेले जुने कागद ‘आपले अभिलेख’वर थोडी फी भरून मिळतात. इथून खटपट करण्यापेक्षा तिकडच्या भावाला-भाच्याला सांगितलेले बरे. मात्र गावाचे नाव, तालुका आणि शक्यतो गट किंवा सर्व्हे नंबर हाताशी हवा. जुने कागद मोडीत असले तर मोडी वाचणारा माणूसही गाठावा लागतो.

जन्ममृत्यूच्या नोंदी. गावचा जुना ‘नमुना १४’ आणि कोतवाल बुक ह्यांत जन्ममृत्यू लिहिलेले असत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून असे बरेच कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर आले. पण जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव असते, बाळाचे नसते!

तीर्थक्षेत्रांच्या वह्या. साल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चचे ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ फुकट आहे. हरिद्वार वगैरे ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे तिथे आहेत. नाव टाइप केले आणि पणजोबा हजर, असे होत नाही. पाने उलटत बसावे लागते. आपली बहुतेक मंडळी नाशिक-त्र्यंबकला जात. तिथल्या उपाध्यायांच्या चोपड्या त्यांच्या घरीच असतात. पुढच्या भारतवारीत एक दिवस त्यासाठी ठेवा. गाव आणि आडनाव सांगितले की ते चोपडी काढतात, आणि कधी पूर्वजाचे हस्ताक्षरच पुढे येते.

जुनी पुस्तके. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुने मराठी ग्रंथ आणि ब्रिटिशकालीन गॅझेटियर फुकट वाचता येतात. आमच्या साताऱ्याचा खंड १८८५ सालचा आहे. त्यात पूर्वजांची नावे नसतात, पण ते कोणत्या गावात, काय पिकवून, कोणत्या बाजाराला जात होते ते कळते.

ह्या सगळ्यात मला काय सापडले? भाच्याने १९१९ सालचा एक फेरफार पाठवला. पणजोबा वारले, मुलगे तिघे, तिघेही अज्ञान, आणि पुढे लिहिलेले: ‘अ. पा. क. आई लक्ष्मी’. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे पणजीने एकटीने तीन पोरे आणि जमीन सांभाळली होती! आमच्या घरात हे कुणी कधी बोललेले मला आठवत नाही.

लगेच आत्याला फोन लावला. ती ८७ वर्षांची, ऐकू कमी येते. म्हणाली, “अरे, लक्ष्मी हे सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं. ती मूळची यमुना. भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा ना, तो एकटाच तिला ‘यमे’ म्हणायचा. त्या दिवशी फार खूष असायची बघ.”

‘यमुना’ हे नाव मला कोणत्याही संकेतस्थळावर मिळाले नसते. ते फक्त आत्याकडे होते. आणि पणजीच्या आईचे नाव आत्यालाही ठाऊक नाही. ते ज्या माझ्या आजीला ठाऊक असणार, तिला मी वीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. दर रविवारी फोन करायचो, पण हवापाणी आणि गुडघेदुखीपलीकडे विषय जायचाच नाही.

तेव्हा मंडळी, कागद थोडे थांबतील, माणसे थांबणार नाहीत. आधी फोन, मग संगणक. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा: तुमचे माहेरचे नाव काय? माहेरचे गाव कोणते? आईचे, आजीचे नाव काय? कुलदैवत कोणते, यात्रेला कुठे जात असत? फोनवरचे बोलणे रेकॉर्ड करा, तारीख घाला, आणि मुलांनाही शेजारी बसवा. निम्मे त्यांना कळणार नाही, पण आवाज तरी राहील.

मुलीने प्रोजेक्टमध्ये पणजीसाठी मोठी चौकट काढली आणि तीत दोन्ही नावे लिहिली. तिच्या वरची चौकट तिने रिकामी ठेवली आहे. “सापडलं की भरू,” म्हणते.

तुमच्या शोधात कुणाला आणखी काही वाटा सापडल्या असतील तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.