प्रोसेस प्रोसेसशी बोलते तेव्हा

लिनक्सच्या टर्मिनलवर 'एलएस', मग उभी रेघ, मग 'डब्ल्यूसी -एल' असं टाइप केलं की फोल्डरमध्ये किती फायली आहेत तो आकडा क्षणात समोर येतो. त्या क्षणात जे घडतं ते सावकाश पाहिलं तर थक्क व्हायला होतं. हे दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत, वेगवेगळ्या वेळी लिहिलेले, एकमेकांना अनोळखी. चालू झाल्यावर प्रत्येक जण एक वेगळी प्रोसेस होतो, प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि दुसऱ्याच्या मेमरीचा पत्ताच पहिल्याकडे नसतो. मग एकाने काढलेली यादी दुसऱ्याच्या हाती पडते कशी?

टाइप केलेल्या आज्ञा चालवणारं शेल ती उभी रेघ पाहून आधी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, एक पाइप मागतं. कर्नल दोन आकडे परत देतो, समजा ३ आणि ४. ३ हे वाचायचं टोक, ४ हे लिहायचं. मग शेल 'फोर्क' करून स्वतःच्या दोन प्रती काढतं आणि दोघींनाही ही टोकं वारशाने मिळतात. पहिली प्रत लिहायचं टोक आपल्या १ क्रमांकावर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटच्या जागी बसवते. दुसरी वाचायचं टोक ० वर, इनपुटच्या जागी. एवढी मांडणी झाली की दोघी 'एक्झेक' करतात आणि अनुक्रमे एलएस व डब्ल्यूसी होऊन जातात. आपण फाइल वाचतोय, कीबोर्ड वाचतोय की पाइप, याच्याशी डब्ल्यूसीला काही देणंघेणं नसतं. ते ० क्रमांकावरून बाइट उचलत राहतं. पाइपात एरवी ६४ किलोबाइट मावतात. तो भरला की कर्नल लिहिणाऱ्याला झोपवतो, जागा झाली की उठवतो. आणि सगळ्यांत नाजूक भाग हा, की लिहायच्या टोकाची प्रत्येक प्रत बंद झाल्याशिवाय 'संपलं' ही खूण वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एक जरी उघडी राहिली तरी तो वाट पाहत बसतो, कायमचा. ही चूक शोधण्यात शिकणाऱ्यांच्या रात्रीच्या रात्री जातात.

प्रोग्राम असे एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच टिपून ठेवली होती. केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली १९७३ साली. पुढे १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतून दुसऱ्या मशीनशीही जोडून देणारं सॉकेट आलं आणि प्रोसेसमधली भिंत आणखी सरकली. जोडणी झाली की सॉकेट हाही एक साधा आकडाच. शेजारच्या प्रोसेसशी बोलताना जे 'रीड' आणि 'राइट' वापरायचे, तेच समुद्रापलीकडच्या मशीनशी बोलतानाही चालतात.

हा विषय शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण निवडताना मी एकच गोष्ट पाहते. नेटवर्कवरच्या टीसीपी या प्रोटोकॉलमधून वाहतात ते नुसते बाइट. निरोपाला तिथे सुरुवात-शेवट नसतो. पाठवणाऱ्याने शंभर शंभर बाइट दोनदा लिहिले, तर घेणाऱ्याला एकदम दोनशे मिळतील किंवा आधी सदतीस आणि उरलेले मागाहून. लेखक एकदाच वाचून 'निरोप मिळाला' म्हणत असेल, तर ते पुस्तक शेल्फवर परत ठेवावं. त्याचा प्रोग्राम एकाच लॅपटॉपवर सुरळीत चालेल आणि खऱ्या नेटवर्कवर केव्हा तरी कोलमडेल.

डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स या परीक्षेत कधीच नापास होत नाहीत. हवे तेवढे बाइट मिळेपर्यंत पुन्हापुन्हा वाचणारं 'रीडएन' नावाचं छोटं फंक्शन ते सुरुवातीलाच लिहून देतात. कोणतं फंक्शन काय परत करतं, किती प्रकारे फसतं आणि फसल्यावर पुढे काय, हे त्यांच्याइतकं निगुतीने क्वचितच कोणी सांगितलं असेल. १९५१ मध्ये तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, आजच्या झांबियात, जन्मलेला हा माणूस ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत काही वर्षं काम करत होता. १९९० मध्ये त्यांचं 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग' आलं. चार वर्षांनी आलेल्या 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'मध्ये त्यांनी खऱ्याखुऱ्या नेटवर्कवरून जाणारी पाकिटं पकडून छापली. जोडणी करताना आधी कोण काय म्हणतं, उत्तर किती वेळाने येतं, हरवलेलं पाकीट पुन्हा केव्हा जातं, हे सगळं ओळीओळीने डोळ्यांसमोर घडतं. प्रोटोकॉल हा कागदावरचा नियम राहत नाही, चालताबोलता होतो. पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्यांनी खंडांत विभागली. दुसरा खंड तर पूर्णपणे प्रोसेसमधल्या संवादाला वाहिलेला आहे. तिसरा लिहून व्हायच्या आत, १९९९ मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आज लिनक्सवर काम करणाऱ्याने मात्र आधी मायकेल केरिस्क यांचं 'द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस' घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. २०१० चं हे पुस्तक दीड हजारांहून जास्त पानांचं आहे, आणि तरी कंटाळवाणं नाही. केरिस्क यांनी लिनक्सची मॅन पानं, म्हणजे तिथली मदतपुस्तिका, वर्षानुवर्षं सांभाळली, त्यामुळे कोपऱ्यातल्या अडचणीही त्यांना ठाऊक आहेत. पाइप, फिफो, मेसेज क्यू, सेमाफोर, शेअर्ड मेमरी आणि सॉकेट असा सगळा संसार एकाच ठिकाणी भेटतो. हजारो जोडण्या एकदम सांभाळणारं 'ईपोल'ही इथे आहे, जे स्टीव्हन्समध्ये नाही. एवढ्या जाडीची धास्ती वाटत असेल तर बीज या टोपणनावाने लिहिणाऱ्या ब्रायन हॉल यांची नेटवर्क प्रोग्रामिंगवरची पुस्तिका फुकट मिळते. पहिलं सॉकेट उघडण्यापुरती ती उत्तम.

स्टीव्हन्स विकत घेताना आवृत्ती बघून घ्यावी. 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग'च्या १९९० च्या प्रतीत आयपीव्ही६ नाही. पहिल्या खंडाची तिसरी आवृत्ती बिल फेनर आणि अँड्र्यू रुडॉफ यांनी सिद्ध केली. तिच्यातून एक्सटीआय या सॉकेटला पर्यायी इंटरफेसची जुनी प्रकरणं गेली आणि एससीटीपी हा प्रोटोकॉल आला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दुसरी आवृत्ती स्वस्तात हाती लागली तरी सोडू नये. तिच्यातली सॉकेटची प्रकरणं अजून तितकीच उपयोगी आहेत, एक्सटीआयची पानं तेवढी ओलांडून पुढे जावं.