बाजरीची भाकरी आणि रक्तातले लोह

"डॉक्टर, अंगात रक्त नाही, ताकदीचे एक सलाईन लावा," ही मागणी आम्हा डॉक्टरांना रोजची आहे. सलाईन म्हणजे मीठ-पाणी, फार तर साखर-पाणी. त्याने रक्त वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याचे एक मोठे कारण म्हणजे आहारातील लोहाची कमतरता.

या दुखण्यावर शेतीच्या बाजूनेही उपाय शोधला गेला आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी मिळून 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण तयार केला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रात प्रसारित झाला. आपल्याकडे आधीपासून पेरल्या जाणाऱ्या, पण मूळ आफ्रिकेतील टोगो देशातल्या वाणातूनच तो निवडला आहे. यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. हा संकरित वाण नसल्याने शेतकऱ्याला घरचे बी ठेवता येते, हे मला विशेष वाटते.

पण धान्यातले लोह रक्तात उतरते का? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी खाऊ घातली. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांतच वाढला. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होते, त्यांच्यात ही उणीव भरून निघण्याचे प्रमाण सहा महिन्यांअखेर दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून अधिक होते.

मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन फारच उतरले असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून ती बंद करू नये. घरात जंतांचा त्रास असेल तर त्याचे औषध आधी.

आणि जेवणाबरोबर चहा नको. चहातील द्रव्ये लोह अडवतात, म्हणून तासाभराचे तरी अंतर ठेवावे. उलट भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. बाजरीचे पीठ लवकर कडू होते. आठवड्यापुरतेच दळण दळून आणावे.