नादाची जुळणी

मौदा हे गाव कन्हान नदीच्या काठी, नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. येथून पूर्वेकडे निघाले की धानाच्या बांध्यांचा मुलूख लागतो. त्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी आटोपली, धान घरात आले, की त्या मुलखात गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. त्या नाटकांच्या वादकांत पेटी व तबला यांच्या जोडीला आता एक सपाट, काळे यंत्र तिकाटण्यावर ठेवलेले दिसते. त्याला ना कातडे, ना शाई, ना वादी. परंतु वादकाची काठी पडताच त्यातून कधी ढोल निनादतो, कधी झांज किणकिणते, तर कधी मेघगर्जना होते. हेच ऑक्टोपॅड होय.

'ऑक्टो' म्हणजे आठ. या यंत्राच्या पृष्ठभागावर रबराच्या आठ चौकटी असतात. त्यांना पॅड म्हणतात. जपानमधील रोलँड कंपनीने असे वाद्य 1985 साली प्रथम बाजारात आणले. नवल असे, की त्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता! ते केवळ निरोप्याचे काम करी. कोणत्या चौकटीवर आघात झाला आणि किती जोराने झाला, एवढा निरोप ते तारेतून दुसऱ्या ध्वनियंत्राला पोहोचवी. निरोपाची ही भाषा 'मिडी' या नावाने 1983 साली प्रचारात आली. ती आकड्यांची भाषा आहे. आघाताचा जोर 1 ते 127 या अंकांत सांगितला जातो. तालवाद्यांनाही क्रमांक ठरवून दिलेले आहेत. मोठ्या नगाऱ्यासारख्या बेस ड्रमचा 36, तर चुरचुरणाऱ्या स्नेअर ड्रमचा 38. पुढे ध्वनींचा साठाही यंत्राच्या पोटातच ठेवण्यात येऊ लागला.

पण रबरावर पडलेली काठी यंत्राला कळते कशी? काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनी 1880 साली दाखवून दिले. पुष्कळ विद्युत तालवाद्यांत पॅडखाली याच गुणाच्या पदार्थाची पातळ चकती बसविलेली असते. आघात जितका जोरदार, तितकी वीज अधिक. यंत्र ती मोजते, तिचा अंक करते आणि त्या अंकाच्या प्रमाणात ध्वनी काढते.

येथवर सारे सोपे वाटते. परंतु यंत्र आणले, कळ दाबली आणि संगीत सुरू झाले, असे मात्र घडत नाही. मौद्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा प्रसंग मला आठवतो. सातवीतील एका मुलाने आपल्या मामाचे ऑक्टोपॅड आणले होते. गाण्याची तालीम सुरू झाली आणि बिचारा रडकुंडीस आला. हलके बोल ऐकूच येईनात. एका पॅडवर काठी मारावी, तर शेजारचा पॅडही वाजे. कोणी म्हणाले, "आवाज वाढवा!" आवाज वाढला, तसा गोंगाटही वाढला.

मंडपात एक वृद्ध ढोलकीवादक बसले होते. ऑक्टोपॅड आल्यापासून लग्नाच्या सुपाऱ्या त्यांना क्वचितच मिळत. तरीही ते उठले आणि म्हणाले, "बाळा, तबलजी आधी गठ्ठ्यांवर हातोडी ठोकून तबला सुरात आणतो आणि मग वाजवतो. तुझ्या यंत्राचे गठ्ठे कोठे आहेत, ते आधी शोध."

मुलाने माहितीपुस्तिका उघडली. यंत्राचे 'गठ्ठे' त्यात दिलेले होतेच. पहिला गठ्ठा संवेदनशीलतेचा. ती वाढवली, की हलक्या हाताचीही दखल घेतली जाते. दुसरा 'थ्रेशोल्ड', म्हणजे जणू उंबरठा. त्याहून दुबळा आघात यंत्र आत घेत नाही. उंबरठा फार उंच असेल, तर हळुवार बोल बाहेरच राहतात. फार ठेंगणा असेल, तर रंगमंचावर कोणी पाय आपटला तरी ढोल वाजतो. तिसरा गठ्ठा शेजारधर्माचा. एका पॅडचे कंपन चौकटीतून दुसऱ्यापर्यंत पोहोचते. ते किती दुर्लक्षावे, हे येथे ठरते. हे तिन्ही जुळले, की मगच प्रत्येक पॅडला ध्वनी नेमून द्यावा, त्याची उंची आणि लांबी ठरवावी, आणि सर्वांत शेवटी आवाजाची पातळी लावावी. त्या मुलाने नेमके उलटे केले होते.

ही पातळी लावताना इतरांच्या कानांचाही विचार हवा. ध्वनी 10 डेसिबलने वाढला, म्हणजे त्याची शक्ती दहापट होते. आपल्या देशात 2000 साली झालेल्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6.

मग यंत्र आल्यावर कातड्याची वाद्ये निरुपयोगी झाली काय? मुळीच नाही. तबल्याच्या शाईमुळे त्याच्या नादातील उपस्वर एकमेकांशी सुरेल नाते राखतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह 1920 साली जगापुढे मांडले. शाईच्या काठावर बोट किंचित सरकले, की बोल पालटतो. यंत्र आघाताचा जोर मोजते; बोटांची ही सारी किमया त्याला उमगत नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी तो मुलगा उत्तम वाजवू लागला. दुसऱ्या कडव्याच्या आधी त्याने पातळीची कळ हळूच खाली फिरवली. आम्ही चमकून पाहिले. शेजारी त्या वृद्ध वादकांनी ढोलकी मांडीवर घेतली होती, आणि तिचा पहिला बोल मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला.

कोणता ध्वनी केव्हा वाढवावा, हे पुस्तिकेत वाचून कळते. आपला आवाज केव्हा उतरवावा, हे मात्र दुसऱ्याचे ऐकूनच शिकावे लागते.