आजार जन्माचा, कागद पाच वर्षांचा!

इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाचा मधुमेह पाच वर्षांनी संपतो काय? इंग्लंडच्या आरोग्य सेवेचे कागद पाहिले तर तसेच वाटावे. तेथे काही ठरावीक दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांना औषधे मोफत मिळतात. पण हा हक्क ज्या प्रमाणपत्रावर उभा आहे त्याची मुदत पाच वर्षे. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा डॉक्टरांची साक्ष.

इंग्लंडच्या औषधांशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज तेथे शिकतात, नोकऱ्या करतात. व्हिसा काढतानाच ती आरोग्य अधिभार भरतात; नोकरदाराला २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. औषधेही त्यातच आली, असा त्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. चिठ्ठीवरील प्रत्येक औषधाला वेगळे शुल्क पडते. मे २०२४ मध्ये ते ९.९० पौंड झाले.

१९४८ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा औषधे मोफत होती. १९५२ मध्ये शुल्क आले, १९६५ मध्ये गेले, १९६८ मध्ये परत आले आणि त्याबरोबर सवलतीच्या आजारांची यादी आली. इन्सुलिन किंवा गोळ्या लागणारा मधुमेह, नियमित औषध लागणारी अपस्मार, मंदावलेले थायरॉईड वगैरे. २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली. यादीतील रुग्णाला खोकल्याचे औषधही फुकट, आणि दम्याचा रुग्ण मात्र श्वासाच्या पंपासाठी पैसे मोजतो! वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी २००७ ते २०११ च्या दरम्यान शुल्कच काढून टाकले. इंग्लंड यादीला चिकटून आहे.

खरा जाच पुढेच आहे. नूतनीकरणाचे स्मरणपत्र जुन्या पत्त्यावर जाते. भाड्याची खोली बदललेल्या माणसाला ते मिळत नाही. तो नेहमीप्रमाणे औषध घेतो, सवलतीच्या रकान्यात खूण करतो आणि काही महिन्यांनी दंडाची नोटीस येते. शुल्काच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड, शिवाय मूळ शुल्क. वेळेत भरले नाही तर आणखी ५० पौंडांपर्यंत. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये याची चौकशी केली. २०१४ पासून औषधे व दंतोपचार मिळून सुमारे ५६ लाख नोटिसा निघाल्या होत्या. त्यातील सुमारे १७ लाख मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या लोकांना सवलतीचा हक्क होताच.

वकील म्हणून आम्हाला यात साधा प्रश्न दिसतो: सिद्ध करण्याचा भार कोणावर? रुग्णाचा आजार सरकारच्याच डॉक्टरांच्या नोंदीत आहे, औषध सरकारी सेवेतून जाते, आणि तरी आजार अजून आहे हे रुग्णाने सांगायचे! फसवणूक करणारे असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण जो फॉर्म विसरला त्याला चोराच्या रांगेत उभे करणे हा न्याय नव्हे.

तेथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी प्रमाणपत्रावरील तारीख आजच पाहावी, पत्ता बदलला तर कळवावा. अर्ज प्रलंबित असताना पैसे भरावे लागले, तर त्याच वेळी दुकानात परताव्याची पावती मागावी. ती नंतर मिळत नाही, आणि परताव्याचा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो.

त्या यादीत सिकलसेल नाही. इंग्लंडमध्ये हा आजार मुख्यत्वे आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या घरांत आढळतो. विदर्भात तो आदिवासी आणि बौद्ध घरांत आहे. यादी करताना कोणाचे दुखणे दिसले आणि कोणाचे नाही, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात घेतले. तरीही ज्यांना तात्पुरते प्रमाणपत्र मिळते त्यांना मुदत संपली की पुन्हा जिल्हा रुग्णालयाची रांग धरावी लागते. रक्तातील दोष जन्मासोबत येतो. दुखण्याची तीव्रता बदलते म्हणून टक्केवारी पुन्हा तपासणे एक वेळ समजू शकते. पण आजार आहे की नाही हे पुनःपुन्हा विचारण्याचे कारण काय? निदान नोंदीत असेल तर मुदत वाढवण्याचे काम रुग्णालयानेच करावे, रोजंदारी बुडवून आईने लेकराला घेऊन यायचे नाही, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.