तक्रार आणि स्तुती यांच्या मधली रिकामी जागा

दुःखात असलेल्या ख्रिस्ती माणसाला देवाची स्तुती करायचं बळ कुठून मिळतं? हा प्रश्न असाच्या असा घेऊन गाईडकडे गेलात, तर उत्तर ठरलेलं असतं: फार मोठा आहे, छोटा करून आणा. आता छोटा करायचा म्हणजे काय करायचं? एखाद्या मजकुरात तो प्रश्न नेमका कुठे अडतो, ती जागा शोधायची.

बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'अजून किती काळ' हा सवाल चार वेळा येतो. देव विसरला आहे, तोंड लपवून बसला आहे, अशी उघड तक्रार आहे. मग विनवणी. आणि पाचव्या वचनात तोच माणूस एकदम आनंदाची, गाण्याची भाषा बोलू लागतो. मध्ये काय घडलं? आजार गेला? शत्रू हटला? स्तोत्र काही सांगत नाही. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच आहे.

या जागेवर बरंच लिहिलं गेलंय. जर्मन अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी 1934 मध्ये मांडलं की, विलाप करणाऱ्याला मंदिरातला याजक देवाच्या वतीने धीराचा शब्द देत असावा. त्यानंतर सूर बदलतो. यशयाच्या उत्तरार्धात वारंवार येणारं 'भिऊ नकोस' हा त्यांचा आधार. कल्पना मोहात पाडणारी आहे. अडचण एवढीच, की बहुतेक विलापस्तोत्रांत असा शब्द लिहिलेलाच नाही. पुढे क्लाउस वेस्टरमान यांनी मजकुराच्या आतच उत्तर शोधलं. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते आणि स्तोत्रांवरचं त्यांचं काम त्या छावणीत सुरू झालं. वळणावर येणाऱ्या 'पण' या छोट्या शब्दाकडे त्यांनी लक्ष वेधलं. विलाप मुळातच स्तुतीच्या दिशेने चाललेला असतो, असं ते म्हणतात.

मग फिलिपिन्सचे फेदेरिको व्हिलानुएवा यांनी आपल्या प्रबंधात (तो 2008 मध्ये पुस्तकरूपाने आला) साधा प्रश्न विचारला: प्रवास नेहमी विलापाकडून स्तुतीकडेच होतो का? स्तोत्र 40 बघा. आधी उपकारस्तुती, मग पुन्हा संकट. गाडी उलटीही येते! प्रबंध लिहायचाय ना तुम्हाला? मग हे ध्यानात ठेवा. सगळ्यांनी गृहीत धरलेली दिशा तपासणं, एवढ्यावरही चांगलं काम उभं राहतं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्तोत्र 13 मधलं 'गाणे' हे क्रियापद. हिब्रूत ते वक्त्याचा निश्चय दाखवणाऱ्या रूपात आहे: गाईन, मला गाऊ दे. म्हणजे गाणं सुरू झाल्याची ती बातमी नाही. तक्रार तशीच उभी आहे, ती कुणी मागे घेतलेली नाही, आणि तिच्या शेजारी उभं राहून हा माणूस गायचं ठरवतोय. बळाचा पुरावा म्हणून माझ्या हाती एवढंच लागतं. ते पुरेसं आहे का, यावर वाद घाला.

हे सगळं व्याकरणाचं खूळ वाटेल. पण घरात कुणी गेलं की भेटायला आलेली भली माणसं म्हणतात, 'रडू नका, देवाची स्तुती करा.' माझ्या मावशीला हे तिच्या मुलाच्या दफनविधीनंतर तिसऱ्याच दिवशी ऐकावं लागलं. तिने मान डोलावली आणि नंतर कित्येक महिने प्रार्थनाच केली नाही. सांगणाऱ्यांनी सरळ पाचव्या वचनावर उडी मारली होती. पहिली चार वचनंही प्रार्थनाच आहेत, देवालाच उद्देशून आहेत, हे तिला कुणी सांगितलं नाही. म्हणून हा विषय निवडताना 'श्रद्धेचं आहे, त्यात संशोधन काय' असं कुणी म्हटलं तर दबू नका.

या आठवड्यात एक करा. स्तोत्र 13 शेजारी स्तोत्र 88 ठेवून वाचा. तिथे शेवटी स्तुतीकडे वळणच नाही. मूळ हिब्रूत शेवटचा शब्द 'अंधार' असा आहे. तरीही ते ज्या संग्रहात आहे त्याचं हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीतं. ते तिथे का ठेवलं असावं, यावर एक पान लिहून बघा.